डॉक्टरांना काढ्याचं सांगितलंत का?

कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारा दम घेऊन दादरचा माणूस छातीच्या डॉक्टरांकडे गेला, की हल्ली त्याला कबुतरांबद्दल हमखास विचारलं जातं. खिडकीत बसतात का, गच्चीवर कुणी दाणे टाकतं का, एसीच्या मागे घरटं आहे का. प्रश्न रास्त आहे. इंटरस्टिशियल लंग डिसीज, म्हणजे फुफ्फुसाच्या जाळीदार भागाला सूज येऊन तो हळूहळू ताठ होण्याचा आजार. त्याची देशभरातल्या २७ केंद्रांवरची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या १,०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्क्यांचं दुखणं श्वासावाटे आत गेलेल्या कणांच्या अ‍ॅलर्जीचं होतं : पक्ष्यांची विष्ठा, कूलरमधली बुरशी वगैरे. २०२५च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि त्यावरून रस्त्यावर रणकंदन झालं, तेव्हापासून तर हा विषय लहान मुलांनाही तोंडपाठ आहे.

त्याच डॉक्टरांच्या कागदावर आणखी एक ओळ असते : सध्या चालू असलेली औषधं. तिथे माणूस बीपीची गोळी सांगतो, साखरेची सांगतो, थायरॉईडचीही सांगतो. सकाळी अनशापोटी घेतलेला गुळवेलीचा रस, रात्री कोमट पाण्याबरोबरचं चूर्ण, गावाहून मामांनी पाठवलेली गुडघ्याची पुडी, यांतलं काहीच सांगत नाही. लपवायचं असतं असं नाही. ते औषधात मोजायचं असतं हेच डोक्यात येत नाही.

हा लेख त्या न सांगितलेल्या ओळीबद्दल आहे. आयुर्वेद खरा की खोटा या वादात मला रस नाही. गिरगाव-दादर-परळच्या घरांत आजीच्या बटव्यापासून बाटलीबंद आसवांपर्यंत सगळं सुखाने नांदत आलं आहे आणि पुढेही नांदेल. पण वनस्पतीजन्य औषधाने यकृताला, फुफ्फुसाला इजा होऊ शकते, अंगात निजलेला एखादा विषाणू त्या गडबडीत उठून बसू शकतो. असं झालं, तर तुम्ही काय घेत होता हे माहीत नसलेला डॉक्टर दुसरीकडेच शोधत राहतो आणि त्यात आठवडे जातात.

मुंबईतली घटना फार जुनी नाही. ३१ मार्च २०२० रोजी, लॉकडाऊन लागून आठवडा होतो न होतो तोच, आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुकांच्या काढ्याचा सल्ला दिला. ऑक्टोबरात गुळवेल आणि अश्वगंधाही सरकारी सूचनांत आल्या. घराघरांत पातेली चढली. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांपुढे कावीळ घेऊन आलेल्या रुग्णांपैकी सहा जणांची गोष्ट सारखी निघाली : सगळे गुळवेल घेत होते. जसलोक रुग्णालयाच्या डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सहा प्रकरणं २०२१ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडली. यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत दिसलं, की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटली होती. सहांपैकी एक महिला दगावली. तिला यकृताचा जुना आजार होता आणि तो तोवर कुणाच्या लक्षात आलेला नव्हता.

आयुष मंत्रालयाने हे मान्य केलं नाही. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती ते तपासलेलंच नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी तिची दुसरी बहीण असेल, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. आक्षेप बिनबुडाचा नव्हता. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध केला. तेव्हा गुळवेलीच्या नमुन्यांची रासायनिक तपासणीही केली गेली आणि निष्कर्ष त्याच दिशेने गेला : ज्यांच्या शरीरात ऑटोइम्यून प्रवृत्ती आधीपासून दडलेली आहे, त्यांच्यात गुळवेल ती जागी करू शकते. दोन्ही बाजू आजही आपापल्या जागी उभ्या आहेत. तुमच्या-माझ्यासाठी त्यातून निघणारी गोष्ट साधी आहे. थायरॉईड, संधिवात, सोरायसिस, ल्युपस, कोड असं काही स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात असेल, तर ‘इम्युनिटी वाढवणारं’ काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नका. तुमची इम्युनिटी आधीच नको तिथे जास्त आहे.

यात एक गंमत आहे, आणि ती परळची आहे. हीच गुळवेल परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शारदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कावीळ झालेल्यांनाच दिली होती. ‘हिरवाई’ आणि ‘फुलवा’ लिहिणाऱ्या त्याच डहाणूकर. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवरचा त्यांच्या गटाचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात गुळवेल मिळालेल्यांचा शस्त्रक्रियेनंतर निभाव पुष्कळच चांगला लागला होता. मग खरं काय? दोन्ही. केईएममध्ये ओळख पटवलेली वनस्पती होती, तिचा पाण्यात काढलेला अर्क होता, वजनाच्या दर किलोला दिवसाला १६ मिलिग्रॅम अशी मोजलेली मात्रा होती, ठरावीक मुदत होती आणि रोज येऊन पाहणारे डॉक्टर होते. २०२० साली आपण काय केलं? कुणी कांडी उकळली, कुणी रसाची बाटली आणली, कुणी गोळ्या, आणि काहींनी तिन्ही. कधी थांबायचं हे कुणीच सांगितलेलं नव्हतं.

दादर स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या मावशींकडे अडुळसा, गवती चहा आणि पुदिन्याच्या शेजारी गुळवेलीच्या कांड्यांची जुडी असते. ती हातात घेऊन नीट बघा. आपली नेहमीची गुळवेल हिरवट, खोडावर फोड-गाठी नसलेली. पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत. तिच्या बहिणीचं, म्हणजे टिनोस्पोरा क्रिस्पाचं, खोड राखाडी आणि मुरमांनी भरल्यासारखं खडबडीत, कापल्यावर दुधासारखा चीक येणारं. तिसऱ्या एका जातीच्या पानाला लव असते. ताज्या कांडीत हा फरक सवयीच्या डोळ्याला दिसतो. ती वाळली, चिरली की पंचाईत; आणि चूर्ण झालं की प्रयोगशाळेखेरीज कुणालाही सांगता येणार नाही, विकणाऱ्यालाही नाही. म्हणून सुटं, कागदाच्या पुडीतलं चूर्ण घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असो. लालबागच्या मसाल्याच्या दुकानातून काढ्यासाठी दालचिनी आणता तीही जाड सालीची, म्हणजे कॅसिया असते. तिच्यात कुमारिन हे यकृताला न मानवणारं द्रव्य बऱ्यापैकी असतं. मसालेभातात तिचं काही बिघडत नाही. रोज दोन वेळा, सहा महिने, हे वेगळं.

बाटलीबंद औषध घ्यायचं, तर लेबल वाचायला शिका. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची आणि मुदत संपण्याची तारीख, आणि प्रत्येक घटकाचं नाव व मात्रा. यातलं काही नसेल, किंवा ‘२१ दुर्मीळ वनस्पती’ एवढंच लिहिलेलं असेल, तर बाटली परत ठेवा. ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही ओळ शोभेसाठी नसते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांत विषारी गणल्या गेलेल्या घटकांची एक यादी आहे. बचनाग, कुचला, धोतरा, बिब्बा, गुंज, पाऱ्याची आणि आर्सेनिकची संयुगं अशी. त्यांपैकी काही असेल तरच ती ओळ छापणं सक्तीचं आहे. शुद्धी करून, वैद्याच्या हाताने हे घटक पिढ्यान् पिढ्या वापरले गेले आहेत. पण मेडिकलच्या काउंटरवरून आपण होऊन उचलायची ही वस्तू नव्हे.

फुफ्फुसाचं काय?

यकृत बिघडलं की डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, घरात कुणीतरी ओरडतं. फुफ्फुस असं सांगत नाही. याचा सगळ्यात मोठा धडा जपानने घेतला. तिथे शो-साइको-तो नावाचा सात वनस्पतींचा पारंपरिक काढा आहे. त्यात आलं आहे, ज्येष्ठमध आहे, जिन्सेंग आहे. वाळवून दाणेदार पुडीत येणारं, सरकारमान्य, डॉक्टर स्वतः लिहून देत असलेलं औषध. जुन्या हिपॅटायटिसच्या लाखो रुग्णांना दिलं जाणारं. १९८९पासून हे घेणाऱ्या काहींना फुफ्फुसाची सूज येत असल्याचं दिसू लागलं. इंटरफेरॉनबरोबर ते देण्यावर १९९४ साली बंदी आली. मार्च १९९६मध्ये जपान सरकारने तातडीची सूचना काढली, तेव्हा ८८ रुग्णांची नोंद झाली होती आणि त्यातले १० दगावले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे चर्चा नेहमी भेसळीवर येऊन थांबते. शो-साइको-तोमध्ये भेसळ नव्हती. औषध अस्सल होतं, काही शरीरांना ते मानवलं नाही एवढंच. जपानला हे कळलं, कारण तिथे डॉक्टर काढ्याचीही नोंद ठेवत होते.

असं होतं तेव्हा दिसतं काय? औषध सुरू केल्यापासून काही दिवस ते दोन-तीन महिन्यांत कोरडा खोकला, कधी बारीक ताप, आणि श्रमाने लागणारा दम. बसल्या जागी काहीच वाटत नाही. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला हे लवकर कळतं आणि लिफ्टवाल्या टॉवरमधल्याला उशिरा. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल तर सेल बदलून काढा. आधी बसून आकडा बघा, मग घरातल्या घरात सहा मिनिटं चालून पुन्हा बघा. चालल्यावर तो तीन-चार अंकांनी घसरला किंवा ९३च्या खाली गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बसल्या जागीच ९३च्या खाली असेल तर चालून बघायच्या भानगडीत पडू नका. १०८ला फोन करा किंवा केईएम, नायर, जे.जे. जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत जा. साध्या एक्स-रेमध्ये ही सूज सुरुवातीला निसटू शकते. छातीचा एचआरसीटी काढावा लागतो. उपचाराची पहिली पायरी म्हणजे संशयित औषध बंद. पुष्कळदा तेवढ्यानेच उतार पडतो, नाहीतर डॉक्टर स्टेरॉइड देतात.

‘भाजीच तर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी तैवानची हकिकत. १९९४-९५ साली तिथे बारीक होण्यासाठी सॉरोपस अँड्रोगायनस या झुडपाच्या कच्च्या पाल्याचा रस पिण्याची टूम निघाली. काही आठवड्यांत शेकडो जणांना, त्यांत बहुतेक बायका, बारीक श्वासनलिका कायमच्या आवळून जाण्याचा आजार जडला. रस सोडूनही तो गेला नाही. काहींवर फुफ्फुस प्रत्यारोपणाची वेळ आली. मलेशियात हाच पाला शिजवून भाजी म्हणून खातात. आपल्याकडे नर्सरीत ‘मल्टिव्हिटॅमिन प्लांट’ नावाने हे झाड कुंडीत मिळतं आणि केरळ-कर्नाटकात त्याची भाजी होते. तुमच्या गॅलरीत असेल तर उपटून टाका असं म्हणत नाही. मिक्सरमधून रस काढून रोज ग्लासभर पिऊ नका. एकूणच, शिजवून थोडं खाल्लं जाणारं काहीही कच्चं वाटून औषध म्हणून भरपूर प्यायचं ठरवलंत, की ती वेगळी वस्तू होते.

आणि आता तेल. हा विषय काढला की घरात वाद होतो, हे ठाऊक असून काढतो. बाळाला न्हाऊमाखू घालताना नाकात तेलाचे थेंब सोडणं, घुटीबरोबर तूप किंवा एरंडेल चाटवणं, सर्दी झाली की नाकपुडीत कोमट तूप. मालिशवाली बाई ते इतक्या सराईतपणे करते, की नव्या आईची ‘नको’ म्हणण्याची टाप नसते. अडचण अशी, की तेल घशातून श्वासनलिकेत उतरताना पाण्यासारखा ठसका लागत नाही. ते गुपचूप जाऊन बसतं आणि फुफ्फुसाला ते पचवता येत नाही. मग वारंवार ‘न्यूमोनिया’ होतो, अँटिबायोटिकने जात नाही, आणि महिन्याभराने कुणीतरी विचारतं, बाळाच्या नाकात काही घालता का? दक्षिण भारतातल्या बाळांमधल्या या लायपॉइड न्यूमोनियाचं वर्णन १९७३ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं आहे. प्रथा मात्र जागच्या जागी आहे. टाळूवर तेल घाला, अंगाला हवं तितकं चोळा. नाकात, आणि निजलेल्या किंवा रडणाऱ्या बाळाच्या तोंडात, घालू नका. एवढं एक मालिशवाल्या मावशींना बाळाच्या आजीकडून सांगवा. सुनेने सांगितलेलं त्या ऐकत नाहीत.

मोठ्यांमध्ये हीच गोष्ट तेलाच्या गुळण्यांची. सकाळी तिळाचं तेल तोंडात धरून वीस मिनिटं खुळखुळवायचं आणि तेवढ्यात फोनवर बोलायचं, पेपर चाळायचा. थोडं चुकीच्या वाटेने जातंच. त्यातून फुफ्फुसाचा असा विकार झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. पक्षाघात झालेल्यांनी, गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धांनी आणि पार्किन्सन असलेल्यांनी तेलाच्या गुळण्या आणि नस्य, म्हणजे नाकात तेल सोडणं, दोन्ही टाळावं. बाकीच्यांनी नस्य करायचंच असेल, तर वैद्याच्या देखरेखीत करावं, यूट्यूब बघून नव्हे.

निजलेले विषाणू

लहानपणी कांजिण्या आल्या असतील, तर तो विषाणू अंगातून गेलेला नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी पडून आहे आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर येतो. सायटोमेगॅलो, एपस्टाइन-बार, हर्पिसच्या कुळातला सहावा विषाणू हे असेच बहुतेक प्रौढांच्या शरीरात मुक्कामाला असतात. हिपॅटायटिस बी भारतात सुमारे तीन कोटी लोकांच्या अंगात आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. प्रतिकारशक्ती यांना दाबून ठेवते. वनस्पतीजन्य औषधामुळे हा दाब सुटण्याच्या दोन वाटा ओळखून ठेवा.

एक वाट औषधाच्या उग्र अ‍ॅलर्जीची. औषध सुरू केल्यावर लगेच नव्हे, तर दोन ते आठ आठवड्यांनी ताप चढतो, अंगभर पुरळ येतं, चेहरा सुजतो, मानेत-काखेत गाठी येतात. आत यकृत, मूत्रपिंड, कधी फुफ्फुसही सुजतं. डॉक्टर याला ड्रेस म्हणतात. फिटच्या, गाऊटच्या, टीबीच्या गोळ्यांनी ते जास्त होतं, पण वनस्पतीजन्य औषधंही त्या यादीत आहेत. यात हर्पिसचा सहावा विषाणू उठतो; इतक्या वेळा, की जपानी डॉक्टर तो उठलेला दिसण्याला निदानाचा भागच मानतात. म्हणून औषध थांबवल्यावर आठवड्याभराने बरं वाटत असतानाच पुन्हा ताप, पुन्हा पुरळ. नातेवाईक म्हणतात, हॉस्पिटलच्या औषधांनीच बिघडवलं. आणि सूज उतरवायला स्टेरॉइड द्यावीच लागतात, त्यामुळे सायटोमेगॅलोही डोकं वर काढू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना तारखा लागतात. कोणतं चूर्ण कुठल्या आठवड्यात सुरू झालं, हे ‘गणपतीच्या आधी’, ‘दिवाळीनंतर’ असं सांगितलंत तरी चालेल. सांगा मात्र.

दुसरी वाट जास्त रुळलेली आहे आणि तिचा मला जास्त राग आहे. बिननावाची पुडी. गुडघेदुखी, दमा, सोरायसिस, जुनी सर्दी, कशावरही चालणारी, परगावच्या कुणा महाराजांकडून कुरिअरने येणारी. पहिल्या तीन दिवसांत गुडघे पळायला लागले, दमेकरी रात्रभर झोपला, भूक लागली, अंगात उत्साह आला, तर खूश होण्याआधी संशय घ्या. वनस्पती इतक्या झटपट काम करत नाहीत, स्टेरॉइड करतं. पुडीत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन कुटून घातल्याचं भारतात पुन्हा पुन्हा सापडलं आहे. महिन्या-दोन महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर आणि बीपी चढतं, जरा आपटलं की काळंनिळं होतं. त्यामागून नागीण येते, कुणाचा जुना टीबी उठतो, कुणाचा हिपॅटायटिस बी. २०२१च्या दुसऱ्या लाटेत वाढलेल्या साखरेवर स्टेरॉइड पडल्यावर म्युकरमायकोसिसने काय केलं, ते मुंबईने पाहिलं आहे. तिथे निदान कुणाला काय दिलं याचा कागद होता. पुडीला कागद नसतो.

इथे एक सावधगिरी, जी या लेखातल्या बाकी सल्ल्यांच्या उलट आहे. इतर कुठल्याही चूर्णाचा, काढ्याचा संशय आला तर ते त्या क्षणी थांबवा. पण स्टेरॉइड असल्याची शंका असलेली पुडी काही आठवड्यांहून जास्त घेतली असेल, तर ती आपल्या मनाने एकदम तोडू नका. शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं बंद केलेलं असतं. एकदम तोडल्यावर उलट्या, गळाठा, बीपी कोसळणं असं होऊ शकतं. पुडी घेऊन त्याच दिवशी फिजिशियनकडे जा. सकाळच्या कॉर्टिसोलच्या रक्ततपासणीवरून पुष्कळ कळतं आणि डॉक्टर मोजून-मापून उतरवतात. त्याच भेटीत हिपॅटायटिस बीची, म्हणजे एचबीएसएजीची, तपासणी करून घ्या.

परळला टाटा मेमोरियलच्या फुटपाथवर, आसपासच्या धर्मशाळांत देशभरातून आलेली कुटुंबं असतात आणि त्यांच्या कानाशी कुठलं ना कुठलं हमखास औषध सांगणारा माणूसही असतो. केमोथेरपी चालू असताना पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, हिपॅटायटिस बी उठण्याचा धोका आधीच असतो. अशा वेळी यकृत बिघडलं तर डॉक्टरांना केमो थांबवावी लागते, आणि दोष केमोचा की पुडीचा हे कळायला मार्ग नसतो. मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपण झालेले, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट वा बायोलॉजिकची इंजेक्शनं घेणारे, यांचंही तेच. यांच्या बाबतीत माझं मत सरळ आहे : उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढ्याचा घोटही नको.

प्रत्यक्षात करायचं काय? पहिल्या भेटीला जाताना घरातलं सगळं पिशवीत भरून न्या. बाटल्या, बरण्या, अर्धी पुडी, नाकात घालायच्या तेलाची शिशी, दंतमंजन सोडून सगळं. नाही नेता आलं, तर लेबलच्या दोन्ही बाजूंचे फोटो. सुटं चूर्ण असेल तर चार चमचे कोरड्या झिपच्या पिशवीत तारीख घालून बाजूला ठेवा आणि बाकीचं टाकण्याची घाई करू नका. पुढे तपासणीची वेळ आली तर नमुना लागतो. डॉक्टर रागावतील ही भीती खरी आहे, काही रागावतातही. तरी म्हणा : ‘डॉक्टर, गेले तीन महिने मी हे घेतोय, याने असं होऊ शकतं का, तेवढं बघाल?’ असा प्रश्न आला, की उपदेश करायला फारसा वाव राहत नाही.

वैद्यांनाही तेच. बीपीच्या, रक्त पातळ करण्याच्या, साखरेच्या गोळ्या त्यांना सांगा. ज्येष्ठमधाचा काढा महिनोन्‌महिने चालू राहिला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. चांगला वैद्य हे ऐकून मात्रा बदलतो. वैद्य चांगला की नाही ते कसं ओळखायचं? महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतो, औषधाचं नाव लिहून देतो, आणि किती दिवस ते सांगतो. नाव न सांगता ‘माझं स्वतःचं मिश्रण’ म्हणणाऱ्याकडून उठा. वरळीचं पोदार आयुर्वेद रुग्णालय दादर-परळकरांना बसच्या अंतरावर आहे. तिथे केसपेपर निघतो, नोंद राहते.

दीर्घकाळ काही घ्यायचंच ठरलं, तर सुरू करण्याआधी आणि मग महिन्याभराने लिव्हर फंक्शनची रक्ततपासणी करा. आधीची नसली तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. आणि कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, सुरू केल्याची तारीख लिहा. थांबवण्याचीही आजच लिहून टाका.

त्रास झाला तर तक्रार करा. देशाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे आणि रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो. डॉक्टरांची सही लागत नाही. केईएमसारख्या महाविद्यालयीन रुग्णालयांत औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारं केंद्र असतं, वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारा. आयुष औषधांसाठी २०१८पासून वेगळी दक्षता योजनाही आहे. भेसळीचा संशय असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ वर कळवा; बॅच क्रमांक आणि खरेदीची पावती हाताशी ठेवून फोन करा.

बरं झाल्यावर ‘थोडं घेऊन बघू, त्यानेच झालं होतं का’ हा प्रयोग कधीही करू नका. दुसऱ्यांदा इजा जास्त वेगाने आणि जास्त जोरात होते. त्या वनस्पतीचं नाव तुमच्या केसपेपरवर पेनिसिलीनच्या अ‍ॅलर्जीसारखं लाल शाईत लिहून घ्या. आणि उरलेली बरणी शेजारच्या काकूंना देऊ नका. त्या मागतीलच.